टाचेतला थेंब कोणाचा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरात्र चालू होते आणि टेंभी नाक्याचा रस्ता देवीच्या दर्शनाला लोटलेल्या गर्दीने भरून गेला होता. तलावपाळीकडून एरवी दहा मिनिटांत होणारी वाट चालून जाण्यास त्या रात्री मला अर्धा तास लागला. नाक्याजवळच्या एका लहानशा रुग्णालयात आमच्या धर्मग्रामातील नऊ दिवसांचे एक बालक अत्यवस्थ होते आणि त्याला स्नानसंस्कार देण्यासाठी मला बोलावणे आले होते. बाहेर लाउडस्पीकरवर आरती चालली होती. आत काचेच्या पेटीत ते बाळ निपचित पडले होते. मी त्याच्या कपाळावर पाणी घातले, त्याच्या आजोबांचे नाव त्याला दिले आणि प्रार्थना संपवून मागे सरलो.

तेवढ्यात बालरोगतज्ज्ञ पुढे आले. वयाने तरुण, बोलणे मोजके. ते बाळाच्या वडिलांना म्हणाले, "बाळ वाचेल असे मी आपल्याला सांगू शकत नाही. पण मला शंका आहे, हा जंतुसंसर्ग नसावा. जन्मजात काही दोष शरीराच्या रसायनात असावा. टाचेतून रक्ताचे चार-पाच थेंब कागदावर घेऊन ठेवले तर पुढे कळू शकेल. त्याचा या बाळाला उपयोग होईल असे वाटत नाही. आपल्या पुढच्या मुलाला होईल."

हाताच्या शिरा एव्हाना मिळेनाशा झाल्या होत्या. बाळाची आजी कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसली होती, ती उठून उभी राहिली. "नऊ दिवसांच्या जिवाला किती टोचणार? आता त्याला सुखाने जाऊ द्या." बाळाची आई भिंतीकडे तोंड करून होती. वडिलांनी आधी आजीकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. "फादर, तुम्ही सांगाल तसे करू."

मी म्हणालो, "घेऊ द्या."

एवढे बोलायला मला क्षणभरही लागला नाही, आणि ते बरोबर होते की नाही याचा विचार मी तेव्हापासून आजवर करीत आलो आहे. टाच टोचली, रक्त येईना म्हणून पुन्हा टोचली. बाळाने चेहरा आक्रसला. पहाटे ते गेले.

रक्ताच्या त्या थेंबांत डॉक्टर काय शोधीत होते, हे आधी सांगितले पाहिजे. आपण खातो त्या डाळी, मासे, अंडी आणि बाळ पिते ते दूध, या सर्वांतील प्रथिने अमिनो आम्ले नावाच्या वीस प्रकारच्या लहान घटकांची बनलेली असतात. माळेत मणी ओवावेत तशी. शरीर ती माळ तोडते, हवे ते मणी पुन्हा ओवते आणि उरलेल्यांचे रूपांतर करून त्यांची विल्हेवाट लावते. या विल्हेवाटीच्या प्रत्येक पायरीवर एक एक विकर नेमलेले असते. एखादे विकर जन्मतःच काम करीत नसेल तर त्या पायरीवरचे अमिनो आम्ल रक्तात साचत जाते. गर्भात असताना आईचे शरीर बाळाच्या वाट्याचे हे काम करीत असते, म्हणून बाळ धडधाकट जन्मते, रडते, अंगावर पिते. दोन-तीन दिवसांनी ते पिणे सोडते, मलूल होते, त्याला झटके येतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही सारी लक्षणे जंतुसंसर्गासारखीच दिसतात. रक्तातील अमिनो आम्लांची मोजणी केल्यावाचून भेद कळत नाही.

ही मोजणी आज विलक्षण सोपी झाली आहे. १९६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री या अमेरिकन वैद्यकतज्ज्ञाने टाचेतील रक्ताचे थेंब जाड टीपकागदावर वाळवून टपालाने प्रयोगशाळेत पाठविण्याची रीत रूढ केली. १९९० च्या दशकापासून टँडम मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र अशा एका ठिपक्यातून काही मिनिटांत अनेक अमिनो आम्लांचे प्रमाण सांगू लागले. वाळलेला कागद कुरियरने कोठेही जातो. बाळ गेल्यानंतरही तो बोलू शकतो.

त्या कागदाचा अहवाल दफनविधीनंतर आठव्या दिवशी आला. ल्युसिन नावाचे अमिनो आम्ल निरोगी अर्भकाच्या रक्तात ढोबळमानाने दोनशेच्या आत असते (हे माप मायक्रोमोल दर लिटरचे). या बाळाच्या रक्तात ते दोन हजारांच्या वर होते. रोगाचे नाव होते मेपल सिरप युरिन डिसीज. मेपल हे उत्तर अमेरिकेतील झाड. त्याच्या गोड रसाचा पाक तिकडे न्याहारीला घेतात. या रोगात लघवीला तसाच जळक्या साखरेसारखा वास येतो, म्हणून हे नाव. १९५४ मध्ये बोस्टनच्या मेंकीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाची पहिली नोंद केली. एकाच कुटुंबातील चार अर्भके जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत दगावली होती. तेव्हा हाती होता तो फक्त वास. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्ले साचतात, हे कळायला १९५७ साल उजाडले. मला राहून राहून त्या अनाम आईवडिलांची आठवण येते. चार शवपेट्या, आणि काय झाले हे सांगणारे कोणी नाही.

अहवाल घेऊन मी त्या घरी गेलो तेव्हा आजी मला आत येऊ देईनात. मला चर्चच्या पायरीवर भेटायचे होते म्हणाल्या. तेथे त्यांनी जे सांगितले ते प्रायश्चित्त-संस्कारात सांगितलेले नाही, आणि येथे लिहिण्यास त्यांची परवानगी मी घेतली आहे. पाचव्या दिवशीच त्यांना लंगोटांचा गोड वास आला होता. मेथीसारखा. सुनेला दूध यावे म्हणून त्यांनी स्वतः मेथीचे लाडू वळून दिले होते. तेव्हा वास त्याचाच, असे समजून त्या स्वस्थ राहिल्या. बाळ गेल्यावर त्यांनी स्वतःशी खूणगाठ बांधली, की लाडूच बाळाला बाधले. म्हणूनच त्या रात्री त्यांना टोचणे नको होते. कागदावर आपले नाव निघेल, ही भीती त्यांना होती.

आजींचा तर्क हास्यास्पद नव्हता. मेथीला आणि मेपलच्या पाकाला ज्याच्यामुळे तो वास येतो तो पदार्थ एकच आहे. आईने मेथी खाल्ली म्हणून पूर्ण निरोगी बाळाच्या लघवीलाही हाच वास आल्याची उदाहरणे डॉक्टरांनी नोंदविली आहेत. नाकाला दोन्ही सारखेच. फरक सांगते ती मोजणी : मेथीच्या बाळाचे ल्युसिन वाढलेले नसते. मी आजींना तो आकडा दाखविला. त्यांना आकडा कळला नाही, पण लाडवांनी तो वाढत नाही एवढे कळले. त्या पायरीवर बसून बराच वेळ रडल्या.

बाळाच्या आईचा प्रश्न अधिक कठीण होता. "म्हणजे माझ्या दुधानेच का, फादर?" या प्रश्नाला मी खोटे उत्तर देऊ शकत नव्हतो. ती तिन्ही अमिनो आम्ले प्रत्येक दुधात असतात, आईच्या दुधातही. पण जगातील प्रत्येक बाळाला जे जगविते तेच या बाळाला पचले नाही, यात पाजणारीचा काय अपराध? दुसरी एक गोष्ट तिला सांगितलीच पाहिजे होती, कारण घरात तिच्या माहेरावरून कुजबुज सुरू झाली होती. हा रोग बाळाला होण्यासाठी दोष दोन्हीकडून यावा लागतो. आईकडून एक, वडिलांकडून एक. दोघेही स्वतः निरोगी, कारण प्रत्येकापाशी त्याची दुसरी, चांगली प्रत असते. सुनेच्या नावाने बोलणारे नातेवाईक हे ऐकून गप्प झाले. मात्र तिचा नवरा, जो आजवर मोकळा होता, तो त्या दिवसापासून मान खाली घालून बसू लागला.

योहानकृत शुभवर्तमानात जन्मांधाला पाहून शिष्य प्रभूला विचारतात, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. मी अनेक वर्षे त्या उताऱ्यावर प्रवचने दिली, परंतु त्यातील पहिला अर्धा भागच आपल्याला किती अवघड जातो हे मला त्या घरात उमगले. विज्ञानाने कारण शोधले, आणि घराने त्याचा ताबडतोब दोष केला. कारण आणि दोष या दोन शब्दांत जे अंतर आहे ते एखादी प्रयोगशाळा दाखवू शकत नाही. ते काम घरातल्यांचे, शेजाऱ्यांचे आणि माझ्यासारख्याचे आहे. दोषी नसलेल्या जनुकालाही आपण 'दोष' म्हणतो, मीही वर तोच शब्द वापरला. भाषाच आपल्याला फसविते.

आता मूळ प्रश्न. अहवालाने इतके भले केले, म्हणून ती सुई योग्य ठरली का? परिणाम चांगला झाला म्हणून कृत्य चांगले, ही वाट आपल्याला मोकळी नाही. गोरेगावच्या सेमिनरीत नीतिशास्त्राच्या वर्गात एक वाद आम्ही शिकलो होतो. त्या रात्रीनंतर मी जुन्या वह्या काढून तो पुन्हा वाचला. प्रिन्स्टनचे प्रोटेस्टंट विचारवंत पॉल रॅम्से यांनी १९७० साली असे मांडले, की जे मूल स्वतः होकार देऊ शकत नाही त्याच्यावर त्याच्या स्वतःच्या हिताचा नसलेला कोणताही वैद्यकीय प्रयोग करू नये, मग इजा कितीही किरकोळ असो. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला इतरांच्या उपयोगासाठी वापरणे हाच अन्याय. १९७४ मध्ये जेझुइट धर्मगुरू रिचर्ड मॅककॉर्मिक यांनी याला उत्तर दिले : मूलही मानवी समाजाचा घटक आहे, धोका नगण्य असेल आणि इतरांचे मोठे हित होणार असेल, तर त्या मुलाला कळत असते तर त्याने होकार दिलाच पाहिजे होता, असे धरून आईवडील त्याच्या वतीने तो देऊ शकतात.

तरुणपणी मला मॅककॉर्मिक पटले होते. आपल्या गोटातले होते, हेही एक कारण असावे! आज मला त्यांच्या युक्तिवादात एक विचित्र गोष्ट दिसते. नऊ दिवसांच्या मरणासन्न बाळावर ते एक कर्तव्य लादतात. ज्याला दूध गिळण्याचे बळ नाही त्याने परोपकार केला पाहिजे, असे म्हणणे मला जड जाते. आणि ज्याच्यासाठी करायचा ते भावंड तर अजून अस्तित्वातही नव्हते. बारावे पायस यांनी सप्टेंबर १९५२ मध्ये रोम येथे मज्जासंस्थेच्या अभ्यासकांपुढे केलेल्या भाषणात याच संदर्भात एक मोलाचा भेद केला होता. हात हा शरीरासाठीच असतो, म्हणून शरीर वाचविण्यासाठी हात कापता येतो; परंतु व्यक्ती ही समाजाचा तशा अर्थाने अवयव नाही, तिचे अस्तित्व समाजाच्या उपयोगापुरते नसते. मग कुटुंबाचा तरी ती अवयव आहे का? माझ्या मते नाही. घरासाठी मूल खर्ची घालता येत नाही.

त्या भाषणानंतर पुढच्याच वर्षी एक घटना प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या मुलांच्या इस्पितळात हॉर्स्ट बिकेल नावाच्या डॉक्टरांकडे दोन वर्षांची एक मुलगी होती. तिला फेनिलकीटोन्युरिया हा आपल्या विषयातलाच, पण दुसऱ्या एका अमिनो आम्लाचा रोग होता. त्यावर जगात कोठेही उपचार नव्हता. तिची आई इस्पितळात येऊन डॉक्टरांचा पिच्छा पुरवी, की काहीतरी करा. शेवटी बिकेल यांनी ते अमिनो आम्ल काढून टाकलेला आहार तयार केला. काही महिन्यांत मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली, डोके आपटणे तिने सोडले. हा आहाराचाच गुण आहे याची खात्री करण्यासाठी डॉक्टरांनी वगळलेले अमिनो आम्ल तिच्या अन्नात पुन्हा मिसळले. आईला न सांगता. मुलगी काही तासांतच रडू लागली, आणि शिकलेले गमावू लागली. १९५३ मध्ये हे सारे प्रामाणिकपणे छापून आले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या उपचाराने जगभर हजारो मुलांची बुद्धी वाचली. त्या मुलीचे पुढचे आयुष्य मात्र संस्थेत गेले.

मी त्या डॉक्टरांना दुष्ट म्हणणार नाही. पण जी आई रोज दारात येऊन उभी राहत होती तिला एक वाक्य विचारणे अशक्य होते का? पायस यांचा भेद मला या उदाहरणात सर्वांत स्पष्ट कळतो. त्या काही दिवसांपुरती ती मुलगी रुग्ण राहिली नाही, पुरावा झाली.

टेंभी नाक्यावरच्या त्या रात्री विचारले गेले होते, आणि 'बाळाला उपयोग नाही' हे सत्यही लपविले नव्हते. त्या तरुण डॉक्टरांचे हे मोठेपण मला नंतर जाणवले. पण विचारल्याने प्रश्न संपत नाही, कारण ज्याची टाच त्याला विचारलेच नव्हते. माझे समाधान मी असे करतो. आपल्या माणसाला काय झाले आहे हे शोधणे ही त्याची शुश्रूषाच असते, औषध संपले तरी. मरणाऱ्याचे ओठ आपण ओले करतो ते तो वाचावा म्हणून नव्हे. त्या थेंबांनी जो प्रश्न विचारला तो त्या बाळाविषयीच होता : तुला काय होते आहे? दुसऱ्या कोणाच्या औषधाची चाचणी घेण्यासाठी ते थेंब मागितले असते तर मी आजींच्या बाजूने उभा राहिलो असतो. भावंडाला मिळालेला लाभ त्या शुश्रूषेतून पुढे आला. तो हेतू पहिला असता तर रॅम्से बरोबर ठरले असते.

परंतु डॉक्टरांनी तर तोच हेतू पहिला सांगितला होता, आणि मीही त्याच विचाराने 'घेऊ द्या' म्हणालो, हे मला नाकारता येत नाही. वर दिलेला युक्तिवाद मला नंतर सुचला आहे. कृत्य योग्य होते असे मला आज वाटते; त्या क्षणी ते ज्या कारणाने मी योग्य मानले, ते कारण पुरेसे नव्हते.

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याविषयी मी अधिक निःशंक आहे. हीच टाच दुसऱ्या दिवशी टोचली असती तर यातला कोणताही पेच उद्भवला नसता. निरोगी दिसणाऱ्या नवजात बाळाचे थेंब तपासणे हे सरळ त्याच्याच हिताचे आहे. रोग वेळेवर कळला तर ती तीन अमिनो आम्ले वगळलेले खास दूध देऊन आणि रक्त पुनःपुन्हा मोजून असे मूल वाढविता येते. हे आपल्या देशाला ठाऊक नव्हते असे नाही. कर्नाटकात १९८० च्या दशकात एक लाखाहून अधिक नवजात बालके अमिनो आम्लांच्या विकारांसाठी तपासली गेली होती. गोव्याने २००८ साली राज्यभरच्या बालकांसाठी तपासणी सुरू केली. आमच्या बाळाच्या प्रसूतिगृहात तशी प्रथा नव्हती. दुसऱ्या दिवशी समाजाने जे विचारले नाही ते नवव्या दिवशी एका आजीला विचारले गेले.

दूध मिळवणे हाही सोपा मामला नाही. ते बहुधा परदेशातून येते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजारविषयक धोरणात या रोगाचा समावेश आहे. २०२२ पासून मान्यताप्राप्त केंद्रांत प्रत्येक रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. परळचे के.ई.एम. रुग्णालय अशा केंद्रांपैकी एक. २०२३ मध्ये वैयक्तिक उपयोगासाठी आणलेल्या अशा औषधांवरील व आहारावरील सीमाशुल्कही उठविण्यात आले. आपल्या वाचकांपैकी कोणाच्या नात्यात अशी अर्भके कारण न कळता गेली असतील, तर ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचावी म्हणून मुद्दाम लिहितो.

काही धर्मगुरुबंधूंनी मला विचारले आहे, की अशा ज्ञानाने पुढचा गर्भ पाडण्याचा मोह वाढणार नाही का? वाढू शकतो. माझ्यासमोर बसलेल्या त्या दांपत्यालाही तो सल्ला कोणीतरी दिला होता. पण अज्ञानाने गर्भाचे रक्षण होते असे मला दिसत नाही. अज्ञानी भीती तर आणखी लवकर दवाखान्याची पायरी चढते. मी त्यांना गणित समजावून दिले : प्रत्येक खेपेस चारांत एक शक्यता रोगाची, चारांत तीन शक्यता रोग नसण्याची. बाळाच्या वडिलांचा समज झाला होता, की एकदा झाले म्हणजे पुढची तीन सुटली. तसे नाही. प्रत्येक गर्भासाठी फासे नव्याने पडतात.

दोन वर्षांनी त्यांना मुलगी झाली. या खेपेस सारे आधीच ठरले होते. कोणत्या रुग्णालयात जन्मायचे, कोणत्या तासाला टाच टोचायची, कागद कोणी न्यायचा. खास दुधाचा एक डबा कपाटात तयार होता. डॉक्टरांनी आजींना बजावले होते, की अहवाल येईपर्यंत घरात मेथी नको. वासाचा घोटाळा व्हायला नको. अहवाल यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत आजी पहाटेच्या मिस्साला आल्या नाहीत. बाळाच्या पाळण्याशी बसून दर दोन तासांनी त्या लंगोट हुंगून पाहत होत्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी रजिस्टर उघडून काही जुन्या नोंदी पाहत बसलो होतो. स्नानसंस्काराची आणि मृत्यूची तारीख एका दिवसाच्या अंतराने असलेली ती ओळ समोरच होती. दार वाजले. आजी होत्या, हातात झाकलेला डबा. "आकडा बरोबर आला," त्या म्हणाल्या आणि डबा टेबलावर ठेवला. झाकण काढले तेव्हा खोलीभर मेथीचा वास पसरला.